घाट उतरलेलं दूध

राजापूरच्या जवाहर चौकात उजाडायच्या आत टेम्पो येऊन थांबतो. हौद्यातून प्लास्टिकची कॅरेट एकावर एक खाली उतरतात. त्यांच्या जाळीतून गार पाणी ठिबकत असतं आणि रस्त्यावर ओल्या चौकोनांची रांग उमटत जाते. दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलेलं असतं, पण चहाच्या टपरीवरचा माणूस पिशव्या उचलून निघूनही गेलेला असतो. तासाभरात कॅरेट रिकामी होतात आणि गाव ‘दूध आलं’ म्हणून कामाला लागतं.

‘दूध आलं’ हे शब्द ऐकून माझ्यातला जुना कोकणी माणूस जरा थबकतो. गोठ्यातलं दूध येत नाही, ते काढलं जातं. राजापुरात मात्र ते येतं, आणि बरंचसं घाटावरून येतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याशा गावात संध्याकाळी धार काढली जाते, रात्रभर ते दूध डोंगरापलीकडे कुठल्याशा यंत्रांतून फिरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे कोकणात चहात पडतं. ज्या पिशवीकडे आपण कधी नीट पाहिलंही नाही, तिच्या मागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास तासांचा आहे.

कच्चं दूध गाईच्या अंगाइतकं गरम बाहेर येतं आणि त्या क्षणापासून नासायला लागतं. उन्हाळ्याच्या दिवसांत चार-पाच तास म्हणजे डोक्यावरून पाणी. दुधाच्या धंद्यात जे जे यंत्र आलं, ते या चार-पाच तासांत भर घालण्यासाठी आलं. जितके तास हाती आले तितकं दूध लांब गेलं, आणि जिथवर दूध गेलं तिथवर बाजार गेला.

बुधल्यातलं दूध

राजापूर हे एके काळी घाटमाथ्याचं दार होतं. अर्जुना नदीच्या खाडीतून गलबतं वर येत आणि अणुस्कुऱ्यासारख्या वाटांनी घाटावरचा माल पाठीवर लादलेले बैल खाली आणत. इंग्रजांनी इथे 1649 च्या सुमारास वखार घातली. पुढे 1660 मध्ये इथल्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला गेला आणि त्याची किंमत इंग्रजांनी 1661 मध्ये मोजली. शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं, वखार खणून काढली आणि वखारीतल्या इंग्रजांना कैद केलं.

या वाटांनी मिरी गेली, कापड गेलं, मीठ गेलं, तोफाही गेल्या. दूध मात्र कधी गेलं नाही. घाटावरून दुधाचं जे काही खाली आलं, ते तूप होऊन आलं. सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवळी धनगर म्हशी राखत, दूध विरजून घुसळत, लोणी कढवत आणि खालच्या शेतकऱ्याकडून त्याच्या बदल्यात भात-नाचणी नेत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना हीच व्यवस्था दिसली: डोंगरमाथ्यावर जनावरं, दरीत शेती, आणि दोहोंना जोडणारं लोणी-तूप. कातडी बुधल्यातलं तूप महिनोन् महिने टिकत असे. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रक्रिया आणि पॅकिंग दोन्ही डोंगरावरच होत होतं. पाणी काढून टाकायचं, म्हणजे नासायला काही उरत नाही, हे शहाणपण त्या माणसांना कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी ठाऊक होतं.

खाली कोकणात गाय होती, पण ती दुधासाठी नव्हती. लहान चणीची, तांबडी-काळी, कातळावरचं गवत खाऊन पावसात तगून राहणारी ही गाय नांगराला बैल आणि शेताला शेण देई. दूध दिवसाला दोन-अडीच लिटर, तेही वासरू पिऊन उरलं तर. तिला ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली ती 2018 मध्ये. पावसाळ्यात गवत उदंड आणि दिवाळीनंतर नुसता पेंढा, अशा मुलखात हंडे भरून दूध निघणार कुठून? शेजाऱ्याच्या घरी बाळंतीण असेल तर पेलाभर दूध न मागता पोचायचं, गाय व्यायली की वाडीभर खरवस फिरायचा. त्या दुधाला भाव नव्हता, कारण ते विकायचं असतं हेच कुणाच्या मनात नव्हतं.

चाकरमान्यांच्या शहरात

राजापूर-लांज्याचा तरुण गिरणीत गेला, तेव्हा दूध विकत घ्यायचं असतं हे त्याला पहिल्यांदा मुंबईत कळलं. गिरणगावातल्या चाळीत गवळ्याचा रतीब असे. पहाटे गवळी यायचा, बरणीतून मापाने दूध ओतायचा, मापावर चार थेंब जास्त टाकून गिऱ्हाईकाचं समाधान करायचा. त्या चार थेंबांत किती पाणी होतं, हा चाळीतल्या बायकांच्या रोजच्या बोलण्याचा विषय.

म्हशी शहरातच होत्या. दाटीवाटीच्या वस्तीतल्या तबेल्यांत त्या बांधलेल्या असत, आटल्या की त्यांना परत गावी पाठवून पोसणं परवडत नसे, आणि चांगल्या जातिवंत म्हशी खाटकाकडे जात. तबेल्याचं शेण गटारात, गटाराची घाण दुधात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहराची लोकसंख्या फुगली आणि दुधाचा प्रश्न सरकारच्या गळ्याशी आला. 1945 मध्ये मुंबई सरकारने शहरासाठी दूध योजना हाती घेतली. दूध आणायचं कुठून? गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातून, आणंदहून. अंतर सव्वाचारशे किलोमीटर.

सव्वाचारशे किलोमीटर कच्चं दूध रेल्वेने आलं असतं, तर मुंबईत पोचेपर्यंत त्याचं दही झालं असतं. म्हणून ते आणंदलाच तापवून, थंड करून पाठवायचं ठरलं. हे काम पोल्सन या खाजगी डेअरीकडे गेलं. तिथल्या शेतकऱ्यांना भाव मिळेना, तेव्हा त्यांनी 1946 मध्ये पंधरा दिवस दूध द्यायचं बंद केलं. त्यातून त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचा सहकारी संघ उभा राहिला; तोच पुढे ‘अमूल’ झाला. त्या मोठ्या कहाणीची ठिणगी मुंबईच्या चहाने पेटवली होती, हे आपण विसरतो.

मुंबईच्या बाजूने या गोष्टीचा नायक होता दारा नसरवानजी खुरोडी. महूत जन्मलेला हा पारशी दुग्धतज्ज्ञ मुंबईचा मिल्क कमिशनर होता. त्याची एक कल्पना आजही आपल्या पिशवीवर छापलेली असते. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर घातली, तर स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो, बाकीचे घटक टिकून राहतात आणि एका लिटरचे जवळपास दोन लिटर होतात. खुरोडीने याला नाव दिलं ‘टोन्ड मिल्क’, आणि 1946 मध्ये ते मुंबईत आलं. जे काम गवळी अंधारात करत होता, तेच सरकारने दिवसाढवळ्या, पावडर घालून आणि दर कमी लावून केलं. चाळीतल्या माणसाला स्वस्त दूध मिळालं. आज कोकणातल्या टपरीपासून दिल्लीच्या इमारतीपर्यंत जे ‘टोन्ड’ विकलं जातं, त्याची सुरुवात मुंबईतल्या टंचाईत आहे.

आरेची बाटली

तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी गोरेगावच्या टेकड्यांवर आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. जमीन सुमारे तेराशे हेक्टर, हजारो म्हशी, त्यांच्यासाठी गोठे, गवताची कुरणं आणि मधोमध डेअरी. 4 मार्च 1951 रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. शहरातली शाळकरी मुलं सहलीला तिथे जाऊन यंत्रं बघू लागली.

त्या यंत्रांतलं मुख्य होतं पाश्चरायझर. त्याचं काम जवळून पाहिलं तर त्यातली चतुराई लक्षात येते. पोलादी पातळ पत्र्यांची एक चळत असते, पुस्तकाच्या पानांसारखी घट्ट दाबलेली. एका पानाआड दूध वाहतं, पलीकडच्या पानाआड गरम पाणी. दूध 72 अंशांवर जातं, एका नळीतून पंधरा सेकंद फिरतं आणि लगेच चार-पाच अंशांपर्यंत थंड केलं जातं. गंमत पुढे आहे. बाहेर निघालेलं गरम दूध आत येणाऱ्या थंड दुधाला आपली उष्णता देऊन जातं. एकाचं तापणं आणि दुसऱ्याचं निवणं एकाच चळतीत उरकतं, इंधन वाचतं. आणि त्या नळीच्या टोकाला एक झडप असते. दूध 72 च्या खाली उतरलं असं वाटलं, की झडप आपोआप फिरते आणि ते दूध पुढे न जाता परत मागे जातं. गवळ्यावर शंका घेणारी चाळीतली बाई होती, तिची जागा या झडपेने घेतली.

तापवलेलं दूध ताजं राहील तर ते बंद भांड्यात. आरेने काचेची बाटली निवडली. अमेरिकेत अशी बाटली 1884 पासून होती. आपल्याकडे ती आरेमुळे घराघरात आली. रुंद तोंडाची जाड बाटली, वर अल्युमिनियमच्या वर्खाचं झाकण, आणि दुधाचा प्रकार झाकणाच्या रंगावरून ओळखायचा. कोपऱ्याकोपऱ्यावर दूध केंद्रं उभी राहिली. पहाटे चारपासून तिथे कॉलेजात शिकणारी मुलं-मुली बाटल्या वाटत. ती कमाई त्यांच्या फीला लागे. दूध कार्डावर मिळायचं. ज्याच्याकडे कार्ड आहे त्यानेच उभं राहायचं, रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. केंद्रावर रांगेत उभं असताना पिशवीत वाजणारी रिकामी काच हा त्या पिढीच्या पहाटेचा आवाज आहे. राजापूरचा चाकरमानी सुट्टीवर गावी आला की आईला सांगायचा, मुंबईत दूध बाटलीत येतं; आणि आई विचारायची, त्यात साय येते का?

प्रश्न बरोबर होता. काही दुधात साय पूर्वीसारखी धरत नसे. यंत्र स्निग्धांशाचे कण बारीक फोडून सगळीकडे सारखे पसरवतं, त्याला होमोजिनायझर म्हणतात. अशा दुधात साय वर येऊन जमत नाही, तिची चव मात्र प्रत्येक घोटात असते. तूप कढवणाऱ्या घराला हा सौदा कधीच पटला नाही.

काचेचं ओझं

बाटलीत एक खोट होती. अर्धा लिटर दुधासाठी जवळजवळ तेवढ्याच वजनाची काच पोचवायची, आणि तीच काच रिकामी परत आणायची. म्हणजे ट्रक निम्मा काच वाहतो आणि परतीच्या वाटेवर नुसती काच. बाटली परत आली की ती सोड्याच्या गरम पाण्यात धुवायची, खळबळून काढायची, कडा उडालेली बाजूला टाकायची. एवढं करून धुतलेली बाटली खरोखर निर्जंतुक आहे का, याची धास्ती उरतेच. शहरात हे निभावलं, कारण केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर होतं. घाट ओलांडून, दोन-तीन तासांच्या वळणांवरून काचेच्या बाटल्या नेण्याचा विचारही कुणी केला नसता.

1970 मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झालं. जागतिक अन्न कार्यक्रमाने दिलेली 1 लाख 26 हजार टन पावडर आणि 42 हजार टन बटर ऑइल विकून आलेल्या पैशांतून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांच्या डेअऱ्या बळकट करायच्या आणि गावोगावच्या सहकारी संघांना त्या जोडायच्या, असा तो बेत. वर्गीस कुरियन त्याचे सूत्रधार. कुरियन आणि खुरोडी यांचं फारसं जमत नसे. परदेशी पावडर घ्यायची की खेड्यातल्या शेतकऱ्याचं दूध, यावर दोघांत खडाजंगी होई. तरी 1963 चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर विभागून मिळाला. आज मागे वळून पाहिलं तर दोघांनी एकाच कामाची दोन टोकं धरली होती: एकाने गिऱ्हाईकाचं, दुसऱ्याने उत्पादकाचं.

बाटलीला पर्याय शोधताना दिल्लीने एक वाट धरली. मदर डेअरीने 1974 पासून बूथवर मोठी टाकी ठेवली. टोकन टाकायचं आणि आपल्या भांड्यात दूध घ्यायचं. दुसरी वाट प्लास्टिकच्या पिशवीची होती, आणि महाराष्ट्र या दुसऱ्या वाटेने गेला. 1967 मध्ये स्थापन झालेल्या राज्य सहकारी दूध महासंघाची ‘महानंद’ डेअरी 1983 मध्ये गोरेगावात सुरू झाली, तोवर बाटलीचे दिवस भरत आले होते.

पिशवी भरणारं यंत्र दिसायला साधं आहे. वर फिल्मचं मोठं रीळ. ती फिल्म खाली येताना अतिनील दिव्याच्या उजेडातून जाते, म्हणजे तिच्यावरचे जंतू मरतात. मग एका गोल कॉलरवरून वळून ती नळीसारखी होते आणि उभी कड गरम पट्टीने जुळते. आता खालून एक आडवी पट्टी येऊन दाबते: तळ बंद. वरून मोजून अर्धा लिटर दूध पडतं. पट्टी पुन्हा दाबते, आणि याच एका दाबात भरलेल्या पिशवीचं तोंड आणि पुढच्या पिशवीचा तळ दोन्ही बंद होतात, मधून कापून वेगळ्याही होतात. टप, टप, टप, पिशव्या पन्हाळीतून कॅरेटात पडत राहतात. कारखान्यातला माणूस त्या उचलून बोटांनी दाबतो. एखादी ‘लीक’ निघाली की बाजूला. बाटलीच्या जवळपास अर्ध्या किलोच्या जागी दोन-तीन ग्रॅमची फिल्म, आणि परत आणायची कटकट नाही.

घाटात वळणं असली तरी पिशवी फुटत नाही, कॅरेट वळणावर झुलतं आणि परत बसतं. कोकणात घाटावरचं दूध ज्या दिवशी शक्य झालं, तो दिवस इतिहासाच्या पुस्तकात नाही, पण तो या यंत्राच्या त्या एका दाबात आहे.

घाटापलीकडचे गोठे

डोंगराच्या पलीकडे तोवर एक वेगळाच मुलूख तयार झाला होता. भास्कर गणेश चितळे यांनी 1939 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीत दुधाचा धंदा सुरू केला. गाव निवडताना त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या: कृष्णेचं पाणी आणि रेल्वेचं स्टेशन. पाणी जनावरांसाठी, स्टेशन तासांसाठी. 16 मार्च 1963 रोजी कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, तोच ‘गोकुळ’. वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी उसाच्या जोडीला दुधाचा संघ आणला. पंचगंगेच्या कडेने ऊस होता, उसाचं वाडं जनावरांना होतं, आणि घरातली बाई म्हैस सांभाळत होती. पैसा रोख आणि दहा-दहा दिवसांनी मिळे. कारखान्याचं बिल वर्षाला, दुधाचं बिल दहा दिवसांनी. संसार दुसऱ्यावर चाले.

गावच्या डेअरीत पहाटे किटल्या घेऊन बायका-पोरं उभी असतात. दूध मापलं जातं, नमुना घेतला जातो, आणि मग सगळ्यांची नजर यंत्राच्या काट्यावर. ‘फॅट किती लागली?’ या प्रश्नावर घराचा हिशेब ठरतो. म्हशीच्या दुधासाठी 6 फॅट आणि 9 एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) ही पायरी, तिच्या वर-खाली पैसे सरकतात. पूर्वी ही तपासणी गंधकाम्ल आणि काचनळ्या घेऊन केली जाई. नंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, आकडा लगेच दिसू लागला आणि डेअरीच्या सचिवावरचा संशय थोडा कमी झाला. थोडाच, कारण काट्याचीही शंका घेणारे असतातच.

यापुढचा मोठा बदल म्हणजे बल्क कूलर. पूर्वी चाळीस लिटरच्या कॅनमधून दूध तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर जायचं. तिथवर पोचायला लागणारे दोन-तीन तास हेच सर्वांत धोक्याचे. बल्क कूलर गावातच दूध चार अंशांवर आणतो. धार आणि थंडी यांच्यातलं अंतर एका गल्लीइतकं झालं. इन्सुलेटेड टँकर येतो, ते दूध घेऊन जातो, आणि साडेतीन-चारशे किलोमीटरवरच्या मुंबईतही ते तितकंच थंड उतरतं. मुंबईची भूक आधी आणंदने भागवली, आता कोल्हापूर भागवत होतं; आणि त्याच थंडीचा एक फाटा घाट उतरून कोकणाकडे वळला. 1991 नंतर खाजगी डेअऱ्यांनाही मोकळीक मिळाली आणि राजापूरच्या दुकानातल्या फ्रिजात रंगीत पिशव्यांची गर्दी झाली.

घाट बंद, दूध बंद

या सगळ्या व्यवस्थेत एक घटक मात्र कुणाच्या हातात आला नाही. पाऊस.

अणुस्कुरा घाटात दरवर्षी कुठे ना कुठे दरड येते. करूळ, भुईबावडा, आंबा या घाटांचंही तेच. दरड आली की टेम्पो अडकतो, आणि त्यातला बर्फ वितळला की तासांचा हिशेब पुन्हा सुरू होतो. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गावोगावचं संकलन थांबलं, कोल्हापूरचं दूध मुंबई-पुण्याला पोचेना. गोठ्यात म्हशी होत्या, धार निघत होती, पण ते दूध ठेवायचं कशात आणि द्यायचं कुणाला? त्याच पावसात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी राजापूरच्या जवाहर चौकातही चढतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. दुकानदार फळ्यांवरचा माल दरवर्षी हाताने वर चढवतो. दूध निघतं तिथे पूर आणि दूध विकतं तिथेही पूर. अशा दिवसांत उन्हाळ्यापासून फडताळात राहिलेला दुधाचा कागदी खोका कामाला येतो. तो 135 अंशांच्या पुढे तापवून बंद केलेला असतो, फ्रिजशिवाय महिनोन् महिने टिकतो. विचार करा, बुधल्यातलं तूप आणि हा खोका यांचं काम एकच आहे.

राजापूरची गंगा, म्हणजे जमिनीतून अधूनमधून आपोआप वाहू लागणारा झरा, आली की सगळं गाव उन्हाळे गावातल्या कुंडांकडे धावतं. ती कधी येईल, किती दिवस राहील, हे कुणाला सांगता येत नाही, आणि त्यातच तिचं माहात्म्य. दुधाने मात्र घड्याळ लावून यायचं. ते एक दिवस चुकलं तरी लोक टेम्पोवाल्याला जाब विचारतात. घाट रोज पहाटे उतरला पाहिजे, ही सवय आपल्याला गेल्या चाळीसेक वर्षांत लागली.

धुतलेली पिशवी

कोकणातही आता दूध गोळा करणारे उभे राहत आहेत. चिपळूणजवळ पिंपळीत वाशिष्ठी डेअरी उभी राहिली आणि कोकणातलं दूध कोकणातच पिशवीत भरलं जाऊ लागलं. गंमत अशी की ज्या गाईच्या दुधाला कुणी भाव लावला नव्हता, तिच्या गोठ्यातही आता ‘फॅट किती लागली’ हा प्रश्न पोचला आहे. कोकण कपिलाचं दोन-अडीच लिटर दूध या हिशेबात बसेल का, की संकरित गायच गोठा भरेल, हे येत्या पिढीच्या गोठ्यात ठरेल.

पिशवीने आपल्याला एक गोष्ट दिली आणि एक काढून घेतली. तिने तास दिले. तिने काढून घेतलं ते परत येणं. बाटली रोज परत जायची. रतीबवाल्याचं माप रोज परत जायचं. शेजारणीने दिलेल्या पेल्यातही आपण काहीतरी टाकून तो परत करायचो. पिशवी परत येत नाही. 2018 च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, पण फिल्म 50 मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि रिकाम्या पिशव्या गोळा करायला हव्यात अशी अट घालून. गोळा करणं कागदावर सोपं असतं. पिशवी उघडताना आपण कोपरा कातरून टाकतो. तो नखाएवढा तुकडा कुणीच गोळा करत नाही, तो पन्हाळीतून नदीत जातो.

तरी राजापूरच्या एखाद्या माजघरात सकाळी एक दृश्य दिसतं. दूध पातेल्यात ओतून झालं की घरातली बाई पिशवीत थोडं पाणी घालते, खळबळते आणि ते पांढुरकं पाणीही पातेल्यातच ओतते, कारण दूध वाया घालवायचं नसतं. मग ती पिशवी उलटी करून दोरीवर लावते. दोन-चार दिवसांत दोरीवर वाळलेल्या पिशव्यांची माळ होते, आणि कधीतरी भंगारवाला येऊन त्या वजनावर घेऊन जातो. कोपरा तिने कातरलेला नसतो. सुरीने वरच्या कडेला एक बारीक चीर दिलेली असते, इतकीच.